रणभूमीवरील गणित आणि शंभर वर्षांचा हिशेब

१३ जानेवारी १९१६ रोजी बर्लिन येथे प्रशियन विज्ञान अकादमीची बैठक भरली होती. पहिले महायुद्ध सुरू होऊन दीड वर्ष होत आले होते. या बैठकीत अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी आठ पानांचा एक निबंध सादर केला. परंतु तो त्यांचा स्वतःचा नव्हता. निबंधाचे लेखक अकादमीचे सदस्य असूनही बैठकीस उपस्थित राहू शकत नव्हते, कारण ते जर्मन तोफखान्याच्या सेवेत युद्धआघाडीवर होते आणि तोफगोळ्यांच्या मार्गांची गणिते करीत होते. कार्ल श्वार्झशिल्ड हे त्यांचे नाव. त्यानंतर चार महिन्यांच्या आत, ११ मे १९१६ रोजी, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी ते निवर्तले.

कृष्णविवर हा शब्द आज शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. त्या कृष्णविवराचे पहिले गणिती वर्णन या आठ पानांत दडलेले होते. ते तेथे आहे याची कल्पना लिहिणाऱ्याला नव्हती आणि ते वाचून दाखविणाऱ्या आइन्स्टाइन यांनाही नव्हती. त्याचा पूर्ण अर्थ उमगण्यास पुढे अर्धे शतक जावे लागले, आणि प्रत्यक्ष निरीक्षणाने तो पडताळून पाहण्यास जवळजवळ पूर्ण शतक.

प्रस्तुत लेखकाचा विषय अर्थशास्त्र. अर्थशास्त्राच्या अध्यापकाने खगोलशास्त्रज्ञाचे चरित्र का सांगावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण आपल्या घराजवळच आहे. हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथच्या परिसरात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही प्रयोगशाळा उभारण्याच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज २,६०० कोटी रुपये. ज्या मराठवाड्यात पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते, तेथे कोट्यवधी प्रकाशवर्षे दूरच्या कृष्णविवरांचे कंप मोजण्यासाठी एवढा पैसा कशाला, असा प्रश्न स्टाफरूममध्येही विचारला जातो आणि कचेरीतही. हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. साधने मर्यादित असतात, गरजा अनंत असतात, हेच तर आम्ही वर्गात पहिल्या तासाला शिकवितो. मात्र त्याचे उत्तर अंदाजपत्रकाच्या रकान्यांत शोधण्यापूर्वी, ज्या ज्ञानासाठी ही प्रयोगशाळा उभी राहावयाची आहे ते ज्ञान कसे निर्माण झाले, कोणी पोसले आणि कोणाच्या पदरात पडले, हे पाहणे उपयुक्त ठरेल.

फ्रँकफर्टचा मुलगा

श्वार्झशिल्ड यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७३ रोजी फ्रँकफर्ट येथील एका सुस्थितीतील ज्यू व्यापारी कुटुंबात झाला. सहा भावंडांत कार्ल थोरला. अकराव्या वर्षापर्यंत तो ज्यू समाजाच्या प्राथमिक शाळेत शिकला आणि नंतर शहरातील माध्यमिक विद्यालयात गेला. घरात कोणी वैज्ञानिक नव्हते. परंतु खाऊचे पैसे साठवून या मुलाने भिंगे विकत घेतली आणि दुर्बीण तयार केली. शहरातील एका विद्यालयात शिकविणारे थिओबाल्ड एप्स्टाइन यांची स्वतःची छोटी वेधशाळा होती आणि त्यांचा मुलगा पाउल हा कार्लचा मित्र झाला. त्या शिक्षकाच्या वेधशाळेचे दार कार्लसाठी खुले राहिले. वयाच्या सोळाव्या वर्षी जोडताऱ्यांच्या कक्षांवरील त्याचे दोन निबंध जर्मनीतील मान्यवर खगोलशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

ही घटना अलौकिक बुद्धिमत्तेचे उदाहरण म्हणून सांगण्याची प्रथा आहे, आणि ती बुद्धिमत्ता होतीच. पण त्या बुद्धिमत्तेला वेळेवर भेटलेल्या शिक्षकाचे नाव या कथेतून गाळले जाऊ नये.

पुढे स्ट्रासबुर्ग आणि म्युनिक येथे शिक्षण झाले. म्युनिकला ह्यूगो फॉन झेलिगर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १८९६ मध्ये डॉक्टरेट मिळविली. पहिली नोकरी मिळाली ती व्हिएन्नाच्या कुफनर वेधशाळेत. ही वेधशाळा सरकारी नव्हती. बिअरच्या कारखान्याचे मालक मोरित्स फॉन कुफनर यांनी ती स्वखर्चाने उभारली होती. येथे श्वार्झशिल्ड यांनी हाती घेतलेले काम वरवर पाहता रुक्ष होते. ताऱ्यांची तेजस्विता तोवर मुख्यतः डोळ्यांनी अजमावली जात असे. छायाचित्राच्या काचेवर ताऱ्याचा ठसा किती काळा उमटतो हे मोजून ती तेजस्विता अचूक कशी ठरवावी, याचा त्यांनी पद्धतशीर अभ्यास केला. प्रकाश निम्मा केला आणि वेळ दुप्पट दिला तर काळेपणा तेवढाच यावा, अशी अपेक्षा असते. मंद प्रकाशात ती खरी ठरत नाही, आणि ही तफावत कोणत्या नियमाने होते हे त्यांनी सूत्रात मांडले. छायाचित्रण शास्त्रात हा नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो.

१९०० साली हाइडेलबर्ग येथील खगोलशास्त्रज्ञांच्या संमेलनात त्यांनी त्याहून धाडसी प्रश्न उपस्थित केला. आपण शाळेत शिकतो ती युक्लिडची भूमिती विश्वाच्या अवकाशाला लागू आहे, हे कशावरून? अवकाश वक्र असेल तर ती वक्रता किती असू शकेल? ताऱ्यांच्या उपलब्ध मापनांवरून त्यांनी तिची मर्यादाही काढून दाखविली. आइन्स्टाइन यांचा व्यापक सापेक्षता सिद्धान्त येण्यास त्या वेळी पंधरा वर्षे अवकाश होता. पुढे १९१५ मध्ये वक्र अवकाशाची समीकरणे समोर आली तेव्हा त्यांकडे त्यांचे लक्ष तत्काळ का वेधले गेले, याचे उत्तर या जुन्या चिंतनात आहे.

१९०१ मध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, ते गॉटिंगेन विद्यापीठात प्राध्यापक आणि तेथील वेधशाळेचे संचालक झाले. एके काळी गाउस या थोर गणितज्ञाने सांभाळलेले हे पद. हिल्बर्ट, क्लाइन, मिंकोव्हस्की हे त्यांचे सहकारी. येथील आठ वर्षांत त्यांनी सुमारे साडेतीन हजार ताऱ्यांच्या तेजस्वितेची सूची तयार करून घेतली, १९०५ चे खग्रास सूर्यग्रहण पाहण्यासाठी अल्जेरियाची मोहीम केली, आणि १९०६ मध्ये सूर्याच्या बाह्य थरांतून उष्णता मुख्यतः प्रारणाच्या मार्गाने बाहेर पडते हे दाखवून दिले. ताऱ्याच्या अंतरंगातील वायू केव्हा स्थिर राहतो आणि केव्हा उकळत्या पाण्यासारखा वरखाली होऊ लागतो, हे ठरविणारी त्यांची कसोटी आजही पाठ्यपुस्तकात आहे.

त्यांची गुणग्राहकताही उल्लेखनीय होती. डेन्मार्कचे एयनार हर्ट्झस्प्रुंग हे शिक्षणाने रसायनतज्ज्ञ होते. ताऱ्यांच्या राक्षसी आणि खुज्या जातींविषयीचे त्यांचे महत्त्वाचे निष्कर्ष छायाचित्रणाच्या एका नियतकालिकात छापले गेल्याने खगोलशास्त्रज्ञांच्या नजरेआड राहिले होते. श्वार्झशिल्ड यांनी त्यांचे मोल ओळखले, १९०९ मध्ये त्यांना गॉटिंगेनला बोलावून पद दिले आणि त्याच वर्षी स्वतः पॉट्सडॅमच्या खगोलभौतिकी वेधशाळेचे संचालक म्हणून गेले तेव्हा बरोबर नेले. पदवी कोणत्या विषयाची, हा प्रश्न आड आला नाही.

पॉट्सडॅमचे संचालकपद हा जर्मनीतील खगोलभौतिकीचा सर्वोच्च मान होता. १९०९ मध्येच एल्से रोझेनबाख यांच्याशी त्यांचा विवाह झाला. आगाथे, मार्टिन आणि आल्फ्रेड ही तीन अपत्ये. सारे काही स्थिरस्थावर होते.

तोफा आणि समीकरणे

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध भडकले. श्वार्झशिल्ड यांची चाळिशी उलटली होती. पद असे होते की रणांगणावर जाण्याची सक्ती त्यांच्यावर कोणीही केली नसती. तरीही त्यांनी आपण होऊन सैन्यात नाव नोंदविले. जर्मनीतील ज्यूंच्या देशनिष्ठेविषयी सतत शंका घेतली जाई, आणि ती आपल्या वर्तनाने खोटी पाडावी असे अनेक ज्यू नागरिकांना तेव्हा वाटत असे. बेल्जियममधील नामूर येथे हवामान केंद्र, नंतर फ्रान्समध्ये तोफखान्यासाठी गणिते, त्यानंतर रशियाची आघाडी, असा त्यांचा प्रवास झाला.

नोव्हेंबर १९१५ मध्ये आइन्स्टाइन यांनी व्यापक सापेक्षता सिद्धान्ताची अंतिम समीकरणे अकादमीपुढे मांडली. वस्तुमानामुळे अवकाश आणि काळ यांना वक्रता येते आणि ग्रह काय, प्रकाशकिरण काय, त्या वक्रतेनुसारच मार्ग आक्रमितात, असा या सिद्धान्ताचा आशय. बुध ग्रहाच्या कक्षेचा सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू दर शतकात ४३ विकला एवढा जादा का सरकतो, हे न्यूटनच्या नियमांनी सुटत नव्हते. नव्या सिद्धान्ताने ते सुटले. परंतु ही दहा समीकरणे एकमेकांत इतकी गुंतलेली आहेत की खुद्द आइन्स्टाइन यांनी बुधाचे गणित आसन्न पद्धतीने, म्हणजे लहान लहान पदे सोडून देत, केले होते. समीकरणांची अचूक उकल इतक्या लवकर कोणाला सापडेल असे त्यांना वाटले नव्हते.

श्वार्झशिल्ड यांनी ती काही आठवड्यांत शोधली. युक्ती प्रश्न योग्य रीतीने सोपा करण्यात होती. एकच गोल, न फिरणारे वस्तुमान घ्यावे. भोवती सर्वत्र निर्वात. काळानुसार कोणताही बदल नाही. एवढे गृहीत धरले की गुंता सुटत जातो आणि त्या वस्तुमानाभोवतीच्या अवकाश-काळाचे संपूर्ण, अचूक सूत्र हाती येते. २२ डिसेंबर १९१५ रोजी पत्राने त्यांनी ते आइन्स्टाइन यांना कळविले. जानेवारीत सादर झाला तो हा निबंध. २४ फेब्रुवारीला दुसरा निबंध सादर झाला. त्यात ताऱ्याच्या आतील भागाचे गणित होते. याच सुमारास पुंज सिद्धान्तावरचाही एक महत्त्वाचा निबंध त्यांनी पूर्ण केला.

या सूत्रात एक विशिष्ट अंतर डोकावते. त्या अंतरावर सूत्रातील पदे विचित्र वागू लागतात. सूर्याएवढ्या वस्तुमानासाठी हे अंतर सुमारे ३ किलोमीटर, पृथ्वीसाठी सुमारे ९ मिलिमीटर. सूर्याची खरी त्रिज्या सुमारे सात लाख किलोमीटर आहे. म्हणजे सारा सूर्य एका लहानशा गावाच्या शिवेत दाबून बसविला तरच हे अंतर अर्थपूर्ण ठरावे. समान घनतेचा, न दबणारा गोल तेथवर आकुंचन पावूच शकत नाही, असे श्वार्झशिल्ड यांच्या दुसऱ्या निबंधातील गणिताने दाखविले. साहजिकच ही विचित्रता निसर्गात प्रत्यक्ष असेल असे कोणी मानले नाही. पुढे १९३९ मध्ये आइन्स्टाइन यांनीही अशी वस्तू निसर्गात घडू शकत नाही असे प्रतिपादन करणारा निबंध लिहिला.

आघाडीवर असतानाच श्वार्झशिल्ड यांना पेम्फिगस हा दुर्धर त्वचारोग जडला. शरीराची संरक्षक यंत्रणाच त्वचेवर उलटते आणि अंगभर फोड उठतात. त्या काळी यावर उपचार नव्हता. मार्च १९१६ मध्ये त्यांना घरी पाठविण्यात आले आणि दोन महिन्यांत सारे आटोपले. गॉटिंगेनच्या दफनभूमीत ते विसावले आहेत. मागे पत्नी आणि तीन लहान मुले राहिली; मोठ्या मुलाला चार वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

सूत्राचा दीर्घ प्रवास

माणूस गेला, सूत्र राहिले. विशेष असे की ते कोणा एका देशाच्या मालकीचे राहिले नाही, आणि त्याच्या प्रवासातील काही महत्त्वाचे टप्पे आपल्या देशातील आहेत.

कोल्हापूरचे विष्णु वासुदेव नारळीकर हे काशीच्या हिंदु विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक होते. ते आणि त्यांचे विद्यार्थी व्यापक सापेक्षतेवर संशोधन करीत. त्यांच्याकडे प्रह्लाद चुनीलाल वैद्य हे गुजराती तरुण संशोधक आले. श्वार्झशिल्ड यांनी घेतलेला तारा प्रकाश बाहेर टाकीत नाही. खरा तारा तर सतत टाकीत असतो आणि त्यामुळे त्याचे वस्तुमान घटत जाते. अशा प्रकाशमान ताऱ्याचे सूत्र वैद्य यांनी १९४३ मध्ये मांडले. तेही एक महायुद्धच होते, आणि काशीच्या त्या गटापाशी साधनसामग्री म्हणावी तर कागद, पेन्सिल आणि चांगला गुरू एवढीच होती. १९५५ मध्ये कलकत्त्याचे अमलकुमार रायचौधुरी यांनी गुरुत्वाकर्षणाखाली पदार्थांचे मार्ग एकवटत कसे जातात हे सांगणारे समीकरण प्रसिद्ध केले. रॉजर पेनरोझ यांनी १९६५ मध्ये कोसळत्या ताऱ्याचा शेवट अटळ आहे हे सिद्ध केले, तेव्हा या समीकरणातील विचार त्यांच्या युक्तिवादाच्या मुळाशी होता. पेनरोझ यांना या कामासाठी २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. बंगळूरचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी अमेरिकेत असताना, १९७० मध्ये, श्वार्झशिल्ड यांच्या कृष्णविवराला धक्का दिला तर ते घंटेसारखे ठरावीक नादात कंप पावून शांत होते, हे गणिताने दाखविले. आणि पुण्याच्या आयुका या संस्थेत संजीव धुरंधर आणि त्यांचे विद्यार्थी यांनी, उपकरणातील गोंगाटातून अशा क्षीण नादाचा माग कसा काढावा याच्या पद्धती, एकही लहर सापडण्यापूर्वी पंचवीस वर्षे, विकसित केल्या.

ती पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन्ही केंद्रांवर उमटली आणि ११ फेब्रुवारी २०१६ रोजी, श्वार्झशिल्ड यांच्या निबंधानंतर शंभर वर्षे आणि एक महिन्याने, जाहीर झाली. सूर्याच्या सुमारे ३६ पट आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. सुमारे तीन सूर्यांएवढे वस्तुमान लहरींच्या रूपाने विश्वात पसरले होते. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत या लहरीने घडविलेला बदल अणुकेंद्रातील प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी होता. एप्रिल २०१९ मध्ये एम ८७ या दीर्घिकेच्या मध्यभागी असलेल्या, साडेसहाशे कोटी सूर्यांएवढ्या कृष्णविवराची छाया जगाने चित्रात पाहिली. २०२० मध्ये आपल्या आकाशगंगेच्या केंद्राभोवती फिरणाऱ्या एका ताऱ्याची कक्षा, बुधाच्या कक्षेसारखीच, सरकताना आढळली. १४ जानेवारी २०२५ रोजी नोंदल्या गेलेल्या एका अतिशय सुस्पष्ट लहरीत विलीन झालेल्या कृष्णविवराचे कंप वेगळे ओळखता आले, आणि कृष्णविवरांचे एकूण पृष्ठफळ विलीनीकरणात कधीही घटत नाही, हा स्टीफन हॉकिंग यांचा १९७१ चा सिद्धान्त त्यावरून अधिक भक्कम झाला. घंटेच्या नादाचे ते गणित आता निरीक्षणाच्या वहीत आले आहे.

हिशेब कोणत्या मुदतीचा?

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आमच्या शास्त्रात भविष्यातील लाभाची आजची किंमत काढण्याची रीत आहे. दरसाल आठ टक्के व्याजदर धरला, तर शंभर वर्षांनी मिळावयाच्या १०० रुपयांची आजची किंमत साडेचार पैशांच्या आसपास भरते. या रीतीने पाहिले तर १९१६ मध्ये कोणत्याही चोख हिशेबनिसाने श्वार्झशिल्ड यांचा निबंध केराच्या टोपलीत टाकला असता, आणि नियमाने पाहता त्याला दोषही देता आला नसता. चूक त्याच्या आकडेमोडीत नसती. शंभर वर्षांनी नेमके काय मिळणार आहे हे ज्ञानाच्या बाबतीत आधी ठाऊकच नसते. मग वटवावयाचे ते काय?

आणखी एक अडचण आहे. सूत्र एकाने शोधले तरी ते वापरण्यापासून दुसऱ्याला रोखता येत नाही. शोधणाऱ्याच्या पदरात नफा पडत नाही, म्हणून बाजार अशा शोधांवर पुरेसा पैसा लावीत नाही. रिचर्ड नेल्सन यांनी १९५९ मध्ये आणि केनेथ अॅरो यांनी १९६२ मध्ये हा मुद्दा अर्थशास्त्रीय परिभाषेत मांडला. कुफनर यांच्यासारखा हौशी कारखानदार प्रत्येक गावाला लाभत नाही. म्हणूनच हा भार समाजाला, म्हणजे सरकारला, उचलावा लागतो.

उपयोगाचाच दाखला हवा असेल तर तो खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. मार्ग दाखविणाऱ्या उपग्रहांवरील घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दररोज ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. पृथ्वीभोवती हा फरक किती पडेल, हे श्वार्झशिल्ड यांच्या सूत्रावरून काढता येते. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटरहून अधिक अंतर कापतो. दुरुस्ती केली नाही तर रुग्णवाहिका दुसऱ्याच गावी पोहोचेल. तथापि केवळ एवढ्यावर मूलभूत संशोधनाचे समर्थन उभे करणे धोक्याचे आहे. ज्या हजारो निबंधांतून काहीच निष्पन्न झाले नाही, त्यांचाही खर्च कोणीतरी सोसलेलाच असतो. आक्षेप घेणाऱ्याने हे बोलून दाखविले तर ते मान्यच केले पाहिजे. लायगोलाही अमेरिकेत १९९० मध्ये मान्यता मिळाली. २००२ ते २०१० या काळात यंत्रे चालली आणि एकही लहर हाती लागली नाही.

मग खर्च करावयाचा तो कशावर? श्वार्झशिल्ड यांच्या चरित्रातून मला एक उत्तर दिसते. कोणत्या निबंधाला फळ येईल हे ओळखता येत नाही; पण कोणत्या परिस्थितीत असे निबंध लिहिले जातात हे मात्र ओळखता येते. घरची वेधशाळा मुलांना खुली करणारा शिक्षक, नवख्या पदवीधराला ताऱ्यांचे काळे ठसे मोजत बसू देणारी संस्था, रसायनाच्या पदवीधराला खगोलशास्त्रात जागा देणारा संचालक, आणि दुसऱ्याचे काम स्वतः उभे राहून सादर करणारा सहकारी, ही ती परिस्थिती. काशीतही तिची छोटी आवृत्ती होती. ही साखळी टिकविण्याचा खर्च हाच मूलभूत संशोधनाचा खरा खर्च आहे, आणि तो तुलनेने थोडा आहे.

लायगो-इंडियाचे २,६०० कोटी रुपये म्हणजे दरडोई १८ ते १९ रुपये, तेही अनेक वर्षांत विभागलेले. मराठवाड्याच्या पाण्याची तहान या रकमेमुळे अडली आहे असे म्हणता येणार नाही. पाण्याचा प्रश्न पैशाइतकाच नियोजनाचा आणि राजकीय इच्छेचा आहे. संशोधन आणि विकास यांवर आपला देश राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्काही खर्च करीत नाही. २०२०-२१ मध्ये हे प्रमाण ०.६४ टक्के होते. तेव्हा प्रकल्पाला विरोध करण्याचे आर्थिक कारण मला दिसत नाही. मला चिंता वाटते ती वेगळीच.

चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा औंढ्याच्या माळावर उभ्या राहतील. उपकरणे येतील, ती चालविणारे तज्ज्ञ येतील. पण औंढा, वसमत, कळमनुरी येथील जी मुलगी आज नववीत आहे, ती दहा वर्षांनी या प्रयोगशाळेत संशोधक म्हणून जाईल की तिच्या कुंपणाबाहेरून ती दाखवीत पाहुण्यांना वाट सांगेल? त्याचे उत्तर मंत्रिमंडळाच्या मंजुरीत नाही. ते तिच्या शाळेत भौतिकशास्त्राचा जाणकार शिक्षक आहे की नाही, तिच्या महाविद्यालयातील प्रयोगशाळा वर्षभर कुलूपबंद असते की उघडी, यात आहे. आपल्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षे जागा रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर अध्यापक राबविले जातात. ज्यांना पुढच्या सत्राची शाश्वती नाही त्यांच्याकडून शंभर वर्षे टिकणाऱ्या विचारांची अपेक्षा आपण करतो. ज्यांना शाश्वती आहे त्यांनी वर्षाकाठी किती निबंध छापले ते मोजतो, आणि त्या निबंधांत काय आहे हे वाचावयास कोणाला सवड नसते. यंत्रासाठी २,६०० कोटी आणि शिक्षकासाठी तासाचा दर, हा हिशेब जमणारा नाही.

श्वार्झशिल्ड यांच्या घराण्याची पुढची कथा सांगितल्याखेरीज हा लेख पुरा होत नाही. ज्या देशासाठी ते आपण होऊन लढावयास गेले, त्या देशात १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले. बालमित्र पाउल एप्स्टाइन, तोवर नामवंत गणितज्ञ झालेले, यांनी गुप्त पोलिसांचे बोलावणे येताच १९३९ मध्ये आपले जीवन संपविले. धाकटा मुलगा आल्फ्रेड याचा अंत नाझी राजवटीतच झाला. मुलगी आगाथे न्यूझीलंडला गेली आणि तेथे अभिजात भाषांची प्राध्यापक झाली. थोरला मार्टिन अमेरिकेत गेला, प्रिन्स्टनला प्राध्यापक झाला आणि तारे कसे वयात येतात व म्हातारे होतात याच्या अभ्यासात वडिलांइतकाच नावाजला. जर्मनीने पिढ्यान्पिढ्या जोपासलेली ज्ञानाची ती साखळी काही वर्षांत तोडली आणि तिचे दुवे इतर देशांनी उचलून घेतले. वेधशाळांच्या इमारती जागच्या जागी होत्या. आत काम करणारी माणसे गेली होती.

हिंगोलीतील इमारतींचा आराखडा तयार आहे. आत बसणाऱ्या माणसांचा आराखडा कोणी केला आहे काय, हे आपण, शिक्षकांनी, कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी, राज्यकर्त्यांना विचारावयास हवे. आणि ते आत्ताच, कारण माणूस घडविण्यास इमारत बांधण्यापेक्षा अधिक वर्षे लागतात.